अर्ध्या तासाचं चित्र

कोल्हापुरात दगड उचलला तर खाली एखादा चित्रकार सापडतो, आणि त्या प्रत्येकाला वाटत असतं की बाकीचे सगळे दगडच आहेत. मलाही वाटायचं. मी विशीत होतो, चित्रकलेच्या डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला होतो, आणि वर्गात माझ्यासारखा जलरंगाचा हात कुणाचाच नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी लोक सांगायचे, आणि त्यानंच माझं वाटोळं झालं.

त्याची सुरुवात नव्वदच्या दशकात, शाळेतच झाली होती. एलिमेंटरीच्या परीक्षेत ए ग्रेड, मग इंटरमिजिएटला ए ग्रेड. आमच्या गल्लीत घरटी दोन-तीन म्हशी होत्या. चित्रकलेची ए ग्रेड म्हणजे काय हे तिथं कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, पण पोरगं कशात तरी पहिलं आलंय एवढं कळायचं. वडील दूध घालायला जातील त्या प्रत्येक दारात ही बातमी माप घालता घालता सांगून यायचे. मग मंडळाचा देखावा रंगवायला मी, लग्नाच्या मांडवावर नावं लिहायला मी, शाळेच्या फळ्यावर पंधरा ऑगस्टचा तिरंगा काढायलाही मीच. दहावी होईपर्यंत माझी मान एवढी ताठ झाली होती की खाली बघून चित्र काढायचा त्रास व्हायला लागला होता.

कॉलेजात आम्हाला जलरंग शिकवणाऱ्या सरांची एक रीत होती. जूनमध्ये वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात ते टेबलावर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवायचे. प्रत्येकानं आपल्या रंगपेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब आणून त्यात टाकायची. डबा भरला की कपाटात जायचा आणि कपाटाला कुलूप. "पांढरा कागदात असतोय, ट्यूबमधी न्हाय," एवढंच ते सांगायचे. म्हणजे असं, की जिथं उजेड हवा तिथं कागद कोरा सोडायचा. आधी फिके वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे पातळ थर, ते वाळू द्यायचे, मग त्यावर गडद. एकदा चुकलं की चुकलं. पांढरा फासून चूक झाकणारा माणूस सरांच्या लेखी चित्रकारच नव्हता, आणि सरांच्या लेखी जो नव्हता तो माझ्या लेखी माणूसही नव्हता.

रविवारी आम्ही सगळे रंकाळ्यावर जायचो. काठावर एवढे चित्रकार बसलेले असायचे की तळ्यातल्या पाण्यापेक्षा मगातलं पाणी जास्त भरलं असतं. तोच घाट, त्याच पायऱ्या आणि धुवायला आणलेली तीच म्हैस. कोल्हापूरच्या निम्म्या दिवाणखान्यांत ती एकच म्हैस टांगलेली आहे असं मला आजही वाटतं. पण माझी म्हैस वेगळी होती. तिच्या पाठीवरचा ओला उजेड मी कागद कोरा सोडून काढायचो, आणि सर माझ्या मागं येऊन काही न बोलता उभे राहायचे. ते बोलत नसत म्हणजेच बरं आहे, हे सगळ्यांना कळायचं. ती पाच मिनिटं मिळावीत म्हणून मी आठवडाभर वाट बघायचो. हे लिहिताना आता लाज वाटते, पण खरं ते असं आहे.

हजेरीपटावर माझ्यानंतरचा नंबर चंदगड तालुक्यातून आलेल्या एका मुलीचा होता. वडील एस.टी.त कंडक्टर, घर गावच्या बौद्धवाड्यात, आणि इथं राजारामपुरीत मावशीकडं राहून ती शिकत होती. तिकडच्या बऱ्याच पोरींसारखी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. तिचं जलरंगाचं काम म्हणजे नुसता चिखल होता. सर तिच्या मागून जाताना थांबायचेसुद्धा नाहीत. तिनं मला एकदा कारण सांगितलं होतं, मी विचारलं नसताना. तिच्या गावात वर्षातले चार-पाच महिने काहीच वाळत नाही, कपडे वाळत नाहीत, सरपण वाळत नाही आणि कागदही वाळत नाही. म्हणून लहानपणापासून ती पोस्टर कलरनं आधी सगळं गडद भरून घ्यायची आणि ते ओलसर असतानाच त्यावर घट्ट रंगानं उजेड बसवायची. हाताला तीच सवय. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं.

पंचगंगेच्या घाटावर एकदा मला तिचं गुपित सापडलं. जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात, चटणीची असते तेवढ्या वाटीत, तिनं पांढरा पोस्टर कलर लपवून आणला होता आणि पाठ फिरवून ती देवळाच्या कळसावर त्याचा एक ठिपका ठेवत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भिंतीला चुना मारायला आलीयास काय?" पोरं हसली. तिनं डब्याचं झाकण लावलं. "उजेड ऱ्हायला हुता, तेवढा ठेवला," ती म्हणाली. मी ते सरांना सांगितलं नाही आणि सांगितलं नाही म्हणून स्वतःला फार मोठा समजलो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून आला. तिथल्या कुठल्याशा कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत तो चित्रं काढायचा. डोक्यावर चढवलेला गॉगल, हातात मोबाइल, आणि दर दोन वाक्यांनी "गाईज". हाच माणूस चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याच वर्गातल्या मोडक्या स्टुलावर बसून पेन्सिलीला टोक करत होता. त्यानं सांगितलं की स्पीड पेंटिंग नावाचा प्रकार आहे. कॉम्प्युटरवर, कागद नाही, रंग नाही, अर्ध्या तासात एक संपूर्ण दृश्य उभं करायचं. "डिटेल नको गाईज, मूड पाहिजे." त्याच्या कंपनीला दर वर्षी एक शिकाऊ लागतो. या वेळी तो आपल्या कॉलेजातून घ्यायचा असं त्यानं ठरवलं होतं. सगळ्यांची अर्धा-अर्धा तास परीक्षा, त्यातली तीन चित्रं तो निवडणार, आणि तिघांतल्या एकासाठी सरांनी शिफारशीचं पत्र द्यायचं. ज्याच्या नावाचं पत्र, त्याची पुण्यात जागा.

मला हसू आलं. अर्ध्या तासात चित्र. आम्ही रस्त्यावर उभं राहून पंधरा मिनिटांत माणसं काढायचो, त्याला टाइम स्केच म्हणायचो आणि त्याचा कुणाला पत्ताही लागू द्यायचो नाही. यांनी त्याला विजेची वायर जोडली, इंग्रजी नाव दिलं आणि ते शिकवायला पुण्याहून आले. मी सरांना म्हणालो, "मी काय बसत न्हाय त्याला." सर म्हणाले, "बस. कोल्हापूरचा हात काय असतोय ते कळू दे त्येला." झालं. मी निवडीसाठी नव्हे, पुण्याला धडा शिकवायला बसणार होतो.

कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर एकच होता, ऑफिसात, प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलेला. म्हणून परीक्षा राजारामपुरीतल्या एका खासगी क्लासमध्ये ठेवली. खाली औषधांचं दुकान, वर डेंटिस्ट, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर काचेचं दार असलेली कॉम्प्युटरची खोली. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून शुक्रवारची सकाळ ठरवली होती. दाराबाहेर चपला काढायच्या, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. देवळात जाताना काढतो तशी आम्ही दहा-बारा पोरांनी चपलांची रास घातली. आत एसी, आणि खोली एवढी लहान की दोनच जणांनी बसायचं. दोन मशिनं, आणि प्रत्येकासमोर त्या गॉगलवाल्यानं आणलेली एक-एक काळी प्लॅस्टिकची पाटी आणि तिच्यावर चालवायचं पेन. पाटीवर काहीच उमटत नाही, समोरच्या पडद्यावर उमटतं. हात इथं आणि डोळे तिथं. उंटावरून शेळ्या हाकायचाच प्रकार.

हजेरीपटाप्रमाणे दोघं-दोघं आत जायचे. म्हणजे मी आणि ती. जिन्यात बसून वाट बघताना तिनं पुन्हा मी न विचारता सांगितलं. थोरल्या भावानं तिला हे एक वर्ष दिलं होतं. चित्रांतून काही नोकरीचं दिसलं तर पुढं शिकायचं, नाहीतर गडहिंग्लजकडचं एक स्थळ आलेलं होतं आणि घरच्यांना ते पसंत होतं. "मला पसंत न्हाय," ती म्हणाली. "तो वाईट न्हाय. पर त्येला चित्र म्हंजे काय ठावं न्हाय. ह्ये झालं तर बघ. न्हायतर झालं." तिनं हाताची बोटं एकमेकांत घट्ट धरली होती. मी म्हणालो, "होतंय की." दुसऱ्याचं काही होवो न होवो, तेव्हा आपण असंच म्हणतो.

विषय दिला, 'पावसानंतरचा घाट'. गॉगलवाल्यानं मोबाइलमध्ये वेळ लावली, "थर्टी मिनिट्स, गाईज," म्हणाला आणि फोनवर बोलत बाहेर निघून गेला.

मी बाह्या वर सारल्या. पेन जसं धरायचं तसं धरलं, मोठा ब्रश निवडला आणि आभाळाचा वॉश वरून खाली आणला. बरा आला. मग मी जे केलं ते सांगताना आजही माझे कान गरम होतात. वॉश खाली ओघळावा म्हणून जलरंगवाला ड्रॉइंग बोर्डाच्या मागच्या बाजूला काहीतरी टेकू देतो. मी खिशातलं खोडरबर काढलं आणि पाटीच्या वरच्या कडेखाली सारलं. पाटी तिरकी झाली. पडद्यावर अर्थातच काही ओघळलं नाही. मग मी पेन खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि वॉश वाळायची वाट बघत बसलो.

किती वेळ बसलो? तीन मिनिटं, कदाचित चार. पूर्ण तंद्रीत. ओल्यावर गडद टाकलं तर पसरेल, वाळू दे, असा विचार करत. मधून मान तिरकी करून पडद्यावर चमक राहिलीय का तेही पाहिलं, कारण कागद ओला आहे का हे असंच तिरकं बघून कळतं.

"वाळायचं न्हाय ते," ती माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली. "वाळलेलंच असतंय."

ती हसली असती तर मी तिला माफ केलं असतं. हसणाऱ्याला तोंड देता येतं. पण तिनं मला वाट चुकलेल्या पाहुण्याला रस्ता सांगावा तसं सांगितलं, आणि स्वतःच्या कामाला लागली. चिखल करणाऱ्या, चटणीच्या वाटीत पांढरा लपवणाऱ्या पोरीनं मला रंगाबद्दल सांगावं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी खोडरबर काढलं. पुढचे गडद रंग टाकले ते सगळे चुकले, आणि चुकल्यावर ते पुसायला एक बटण असतं असं सांगितलेलं होतं तेही मी दाबलं नाही. सरांच्या विद्यार्थ्यानं चूक पुसायची नसते. पाणी चमकावं म्हणून मी जागा कोरी सोडली होती, पण तो कोरा पडदा कागदासारखा पांढरा नव्हता, निळसर, विझल्यासारखा होता, आणि त्या जागी पाणी नाही, भोकं दिसत होती. दहा मिनिटं उरली असताना मी पेन ठेवून दिलं. हे चित्र नव्हे, हा टीव्ही आहे, असं मी मनात म्हणालो आणि तोंड वळवलं. म्हणून मग उरलेली दहा मिनिटं मी तिचा हात बघत बसलो.

तिनं आधी सगळा पडदा काळसर भरून टाकला होता. गच्च, चंदगडच्या पावसाळी दुपारीसारखा. आणि आता ती त्यातून उजेड वर काढत होती. पायऱ्यांच्या कडा एकेका फटक्यात. पाण्यावर पडलेलं आभाळ तीन-चार आडव्या हातांत. दूर घाटावर एक बाई, अंगावरचं ओलं पातळ आणि खांद्यावर कळशी, सहा ठिपक्यांत. आमच्या रंकाळ्यावरच्या सगळ्या म्हशी एकत्र केल्या तरी त्यांच्यात त्या सहा ठिपक्यांएवढं पाणी नव्हतं. एकही फटका तिनं दुसऱ्यांदा मारला नाही. तिथं वाळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पांढरा रंग लपवायचाही नव्हता. जे आम्ही तीन वर्षं तिच्यातली खोट म्हणून मोजत आलो होतो त्याच्यावर ती चालत होती, आणि जी माझी पुण्याई होती तिचा मला काही उपयोग नव्हता. हे मला त्या दहा मिनिटांत पूर्ण कळलं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही.

दुपारी गॉगलवाल्यानं तीन चित्रं निवडली. माझं त्यात नव्हतं. माझ्या चित्रापुढं तो क्षणभर थांबला आणि "इंटरेस्टिंग" म्हणाला. मला तेव्हाच त्याचा गॉगल पायाखाली घ्यावासा वाटला. तीन चित्रांत एक तिचं होतं. दुसरं बरं होतं, पण ज्याचं होतं त्या मुलाला पुण्याला जायचंच नव्हतं, त्याची दुकानाची गादी तयार होती. तिसरं एका डॉक्टरांच्या मुलाचं. त्यानं काय केलं होतं ते मी एका नजरेत ओळखलं. तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच भरलेला एक सूर्यास्ताचा फोटो असायचा. गावातल्या प्रत्येक सायबर कॅफेत तो पाहिलेला. पठ्ठ्यानं तोच घेऊन त्यावर बोट फिरवल्यासारखी धूसर रेघ ओढली होती आणि खाली दोन पायऱ्या चिकटवल्या होत्या. पुण्याच्या तज्ज्ञाला ते कळलं नाही, कारण तो अर्धा वेळ फोनवर होता. तिन्ही चित्रांचे प्रिंट काढून त्यानं सरांच्या हातात दिले, सोमवारी पत्र पाठवा म्हणाला आणि संध्याकाळच्या बसनं निघून गेला.

शनिवारी सकाळी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर तीन प्रिंट मांडलेले होते. सर कॉम्प्युटरला हात लावत नसत. परीक्षेच्या खोलीत ते चपला काढून फक्त दारापर्यंत आले होते आणि एसीचा वारा लागतो म्हणून परत खाली गेले होते. पण प्रिंट ते नीट बघत होते. तिचा प्रिंट त्यांनी हातात घेतला, खिडकीशी नेला, परत आणला. बराच वेळ ते गप्प होते, रंकाळ्यावर माझ्या मागं उभे राहायचे तसे.

"ह्ये तिचं काम वाटत न्हाय," ते म्हणाले. "तिचा हात मला ठावं हाय. तू शेजारी हुतास न्हवं?"

"व्हय सर."

"मग सांग. ह्ये तिनं काढलंय का मशीननं?"

मला आठवतंय, बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावत होतं. मला आठवतंय की मी विचार करायला अजिबात वेळ घेतला नाही. माणूस वाईट वागताना फार झुंजतो वगैरे लिहिलेलं असतं, ते सगळं झूठ आहे. चहा घेणार का, नको, इतकं ते सोपं असतं.

"मशीननं," मी म्हणालो.

सरांनी प्रिंट पालथा ठेवला. त्यांना ते पटायला वेळ लागला नाही. बौद्धवाड्यातून आलेल्या, कागदावर चिखल करणाऱ्या पोरीचा हात असा चालेल, हे मानण्यापेक्षा मशीननं केलंय हे मानणं त्यांना सोपं होतं, आणि ते सोपं आहे हे मला बोलण्याआधी ठाऊक होतं. मग त्यांनी डॉक्टरांच्या मुलाचा सूर्यास्त उचलला. "ह्येच्यात जरा निसर्गाचा अभ्यास हाय," ते म्हणाले. आयुष्यभर मशीनला शिव्या घातलेल्या माणसानं तिन्हींतलं एकुलतं एक मशीनचं चित्र बरोबर ओळखून काढलं आणि त्यालाच पुण्याला पाठवायचं ठरवलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हणालो, "व्हय सर, चांगलं हाय."

आज मी असल्याच पाटीवर काम करतो. पेन, पडदा, आधी गडद, मग उजेड. शालेय पुस्तकांत गाई, झाडं, बसस्टॉप, आनंदी कुटुंब असली चित्रं लागतात, ती मी पुरवतो, आणि बाकीच्यांपेक्षा लवकर पुरवतो. एखादं पोरगं येतं, दादा शिकवा म्हणतं, आणि दुसऱ्या मिनिटाला मोबाइल काढून बसतं. त्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्या डॉक्टरांच्या मुलाचाही. तो पुण्यात तीन महिने टिकला आणि परत येऊन औषधांच्या एजन्सीत बसला. गॉगलवाल्याचा, सरांचा, रंकाळ्यावरच्या म्हशींचा, सगळ्यांचाच तिटकारा आहे. पण हे सगळे मिळून एका पारड्यात घातले तरी दुसरं पारडं जागचं हलत नाही. त्यात मी बसलोय.

तिचं पुढं काय झालं ते मला नीट माहीत नाही. जूनमध्ये नवीन वर्षाची हजेरी झाली तेव्हा माझ्यानंतर एकदम तिच्या पुढचं नाव आलं. कुणीतरी म्हणालं, गडहिंग्लजला दिलं. एवढंच कळलं. विचारायची मला हिंमत नव्हती.

पण त्या शनिवारचं अजून एक सांगायचं राहिलंय. पत्र सोमवारी जायचं होतं. म्हणजे शनिवारी दुपारीसुद्धा काही बिघडलेलं नव्हतं, एका वाक्यानं सगळं जाग्यावर आलं असतं. बाराच्या सुमारास मी स्टाफरूमबाहेरच्या व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा होतो. ती जिना चढून वर आली. तिला शिपायाकडून कळलं होतं. डोळे लाल नव्हते, रडलेली नव्हती. घाईत होती.

"सर म्हणत्यात मशीननं केलंय," ती म्हणाली. "माझा इस्वास न्हाय बसत. असं कोण सांगितलं आसंल त्यांस्नी?"

मी कठड्याचा सुटलेला रंग नखानं खरवडायला लागलो.

"तू शेजारीच हुतास की. तू बघितलास. शेवटची धा मिनिटं तू माझ्याच हाताकडं बघत हुतास, मला दिसत हुतं." ती जरा जवळ आली. "तू एवढं सांग की सरांस्नी. तुझंच ऐकत्यात. मी सांगून उपेग न्हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

"आत्ताच सांगूया की. मी बी येतो."

"सर जेवायला गेल्यात."

माझ्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, स्टाफरूमचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत सर खोकले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि सरांनी शिपायाला चहाचं विचारलं ते शब्दनशब्द ऐकू आलं.

ती दाराकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी कठड्यावरून खाली सायकली बघत होतो.

"बरं," ती म्हणाली. "आल्यावर सांग मग."

आणि ती जिना उतरून गेली.